ठेवणीतले औषध

आमच्या वहिनींच्या काचेच्या कपाटात चहाच्या सहा कपांचा एक संच आहे. पांढरे शुभ्र कप, त्यांवर निळ्या फुलांची वेल आणि काठाला बारीक सोनेरी रेघ. हा संच त्यांच्या लग्नात आला. म्हणजे त्याला चाळीस वर्षे केव्हाच उलटून गेली. या काळात मी त्या घरी किती वेळा चहा प्यालो असेन याची गणती नाही. पण त्या कपातून? एकदाही नाही! "कुणी मोठे पाहुणे आले म्हणजे काढू," असे वहिनी म्हणत. पाहुणे येत, चहा पिऊन जात; पण संच बाहेर निघावा एवढे मोठे पाहुणे काही कधी आले नाहीत.

वाचकहो, हसू नका. तुमच्याही घरात असे एखादे कपाट असणारच. ठेवणीतली पैठणी, ठेवणीतली चादर, ठेवणीतले अत्तर. चांगली वस्तू पुढच्यासाठी राखून ठेवायची आणि आज जुन्यावर भागवायचे, हा आपल्या मध्यमवर्गीयांचा कुळाचार आहे. त्यातून मी पडलो बँकेतला माणूस. लोकांच्या ठेवी सांभाळण्यात माझी पस्तीस वर्षे गेली. राखून ठेवणे म्हणजेच शहाणपण, असे माझ्या हाडीमाशी खिळलेले होते.

या शहाणपणाची किंमत माझ्या थोरल्या भावाने भरली. तीच हकीकत सांगतो.

दादाचा गाळा वाशीच्या एपीएमसी मार्केटात, फळबाजारात. आडतीचा धंदा. वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता. त्याने शिक्षण सोडले आणि क्रॉफर्ड मार्केटात मामांच्या हाताखाली आंब्याच्या पेट्या मोजायला उभा राहिला. तो उभा राहिला म्हणून मी कॉलेजात बसलो आणि पुढे बँकेच्या खुर्चीवर बसलो. १९९६ साली फळबाजार मुंबईहून इकडे आला, तसा दादाही बिऱ्हाड घेऊन सानपाड्याला आला. आणि पाठोपाठ मीही वाशीला. निवृत्तीनंतर पहाटे फिरायला जायचे ते दादाच्या गाळ्यापर्यंत, असा माझा क्रम पडून गेला.

ज्यांनी हा बाजार पहाटे पाहिला नाही, त्यांना मोसमातली तिथली लगबग सांगून कळायची नाही. कोकणातून रात्रभर धावत आलेले ट्रक, त्यांतून पेट्या उतरवणारे माथाडी, पायाखाली पेंढा आणि नाकात हापूसचा घमघमाट. आणि सौदा कसा? रुमालाखाली! आडत्या आणि गिऱ्हाईक हातात हात देतात, वर रुमाल टाकतात, आणि बोटे दाबून भाव सांगतात. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. कायद्याला ही हत्ता पद्धत मंजूर नाही, लिलाव उघड व्हावा असा नियम आहे. पण बाजाराच्या सवयी नियमाहून जुन्या असतात. दादाची सारी विद्या त्या रुमालाखालच्या पाच बोटांत होती.

२०१६ सालच्या मोसमात देवगडकडच्या एका बागाईतदाराचा फोन आला. "भाऊ, तुमच्या पट्टीतले आकडे हल्ली मुंगीएवढे असतात. वाचायला भिंग घेऊ काय?" पट्टी म्हणजे शेतकऱ्याला पाठवायचा विक्रीचा हिशेब. दादाचे अक्षर पूर्वी टपोरे, मोत्यासारखे. मी जुन्या पट्ट्या काढून पाहिल्या. महिन्यामहिन्याने अक्षर बारीक होत गेले होते. आणि प्रत्येक ओळ सुरू होताना ठीक, शेवटाला येईतो आक्रसलेली. तरीही आम्ही म्हटले, वयाचा परिणाम. चष्मा बदलला.

मग एके दिवशी रुमालाखाली एक जुने गिऱ्हाईक हसून म्हणाले, "शेठ, भाव सांगा ना! हात काय हलवताय?" दादाने हात काढून घेतला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती, जपाचे मणी ओढावेत तशी. दादा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून सौद्याला त्याने माणूस उभा केला आणि आपण गल्ल्यावर बसला.

त्या संध्याकाळी त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. "अरे, तीन-चार वर्षं झाली, मला आंब्याचा वास येत नाही. सर्दी असेल म्हणून कुणाला बोललो नाही. डोळ्यानं आणि हातानं माल ओळखतो. आता हातही गेला!"

डॉक्टरांनी दादाला चालायला लावले, बोटे उघडमीट करायला लावली, एक ओळ लिहून घेतली आणि वासाबद्दल आपणहून विचारले. निदान झाले पार्किन्सनचे; आपल्याकडे जुने लोक ज्याला कंपवात म्हणत, तो. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने १८१७ साली त्यावर निबंध लिहिला, म्हणून त्याचे नाव चिकटले. मेंदूच्या खोल भागातल्या काही पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या पेशी हळूहळू मरत जातात. डोपामीन कमी पडले की हालचाल मंदावते, अंग ताठरते, आणि पुष्कळांचा हात कापू लागतो.

दादाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे आवक घटली आहे."

डॉक्टर हसले. "अगदी बरोबर. आणि बागा पुन्हा लावता येत नाहीत. पण बाजार चालू ठेवता येतो."

मग त्यांनी तीन वाटा सांगितल्या, आणि दादा प्रत्येकीचे भाषांतर आपल्या बाजारभाषेत करत गेला. पहिली वाट लेव्होडोपा. मेंदूच्या दारावर कडक पहारा असतो. डोपामीनला आत सोडत नाहीत. त्याच्याच जातीच्या कच्च्या मालाला, म्हणजे लेव्होडोपाला, मात्र प्रवेश आहे. आत गेल्यावर त्याचे डोपामीन होते. पण एक अडचण अशी की, वाटेतच शरीर त्याचे डोपामीन करून टाकते. माल नाक्यावरच उतरवला जातो, आणि वर मळमळ, उलट्या. म्हणून त्याच्याबरोबर कार्बिडोपा नावाचा राखणदार देतात. तो ट्रक सुखरूप दारापर्यंत पोचवतो. स्वतः आत जात नाही. दुसरी वाट प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांची. या डोपामीन नव्हेत. डोपामीनचे सोंग घेऊन तेच काम करतात. "कर्नाटकचा हापूस!" दादा म्हणाला. तिसरी वाट रासाजिलिनसारख्या औषधांची. असलेले डोपामीन जे द्रव्य मोडून टाकते, त्याला ती आवरतात. "हे समजलं. आवक तेवढीच, पण नासाडी कमी."

कंपासाठी ट्रायहेक्सीफेनिडिल म्हणून एक जुने स्वस्त औषध आहे, तेही मी विचारले. डॉक्टरांनी साठी उलटलेल्या माणसाला ते शक्यतो नको म्हणून सांगितले. तोंड कोरडे पडते, लघवी अडते, आणि स्मरणशक्तीला धोका.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "यांना रोज बाजारात काम करायचं आहे. लेव्होडोपा आत्ताच सुरू केलं तरी चालेल. विचार करून सांगा."

विचार करायचे काम मी अंगावर घेतले. दादाचे ऋण फेडायची दुसरी संधी मला कुठली मिळणार होती? घरी येऊन मी एक हिशेबाची वही काढली आणि उभे रकाने आखले: औषध, किंमत, फायदा, त्रास, शेरा. चार ओळखीच्यांना विचारले. एकाने सांगितले की, "लेव्होडोपा पाच वर्षंच लागू पडतं. नंतर अंग वेडंवाकडं हलायला लागतं. हुकमाचा एक्का आहे तो. आधी टाकलात तर पुढं हातात काय राहणार?" हे वाक्य थेट माझ्या बँकेतल्या काळजात जाऊन बसले. लेव्होडोपाच्या शेऱ्याच्या रकान्यात मी लाल शाईने लिहिले: 'राखून ठेवणे.'

दादाने वही पाहिलीही नाही. "तू शिकलेला. तू म्हणशील ते," एवढेच म्हणाला.

रासाजिलिनने सुरुवात झाली. दिवसाला एक गोळी, त्रास काही नाही. पण गुणही बेताचाच. सहा महिन्यांनी त्यात प्रामिपेक्सोलची भर पडली. आणि गुण दिसला! हात बराच शांत झाला, पाय मोकळा पडू लागला. मी वहीत बरोबरची खूण केली. दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या दादाला झोप लागे, घोटे सुजत. पण तेवढे चालायचेच.

२०१८च्या पावसाळ्यात एका सकाळी वहिनींचा फोन आला. आवाज दबलेला. "भाऊजी, जरा येऊन जाल का? यांना सांगू नका."

त्यांनी माझ्यापुढे एक पिशवी उपडी केली. लॉटरीची तिकिटे! शेकड्यांनी. ज्या माणसाने उभ्या जन्मात कधी पत्त्यांचा डाव पैसे लावून खेळला नाही, पानसुद्धा खाल्ले नाही, त्याच्या सदऱ्याच्या खिशातून, गादीखालून, गाळ्याच्या ड्रॉवरमधून ही तिकिटे निघत होती. वहिनींना वाटले, गड्याला कुणाची तरी संगत लागली. मला वाटले, धंद्यात खोट आली आणि तो लपवतो आहे. दादाला विचारले, तर तो लहान मुलासारखा रडला. "मला कळतं रे, हे चुकतंय. पण तिकीट घेतल्याशिवाय पाय पुढं निघत नाही."

डॉक्टरांना कसे सांगावे, या लाजेत आम्ही आणखी तीन आठवडे घालवले. सांगितले, तेव्हा ते मुळीच चकित झाले नाहीत. ही त्या गोळीचीच करणी होती. या जातीच्या औषधांनी काही जणांना जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा अनावर नाद लागतो. शीलाशी त्याचा संबंध नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे सांगितले होते. मी ते वहीत लिहिलेही होते! 'त्रास' या रकान्यात, बारीक अक्षरात: 'स्वभावात बदल, क्वचित.' ज्याने लिहिले त्यानेच वाचले नाही. गोळी एकदम बंद करता येत नाही. ती हळूहळू उतरवावी लागते. नाद गेला. त्याच्याबरोबर हाताला आलेला गुणही गेला.

आता तरी मी लाल शाईचा शेरा खोडावा की नाही? पण नाही! याच सुमारास मसाला बाजारातल्या दादाच्या एका जुन्या स्नेह्याने कपिकच्छूच्या बियांचे चूर्ण पाठवले. कपिकच्छू म्हणजे आपली खाजकुइली. शाळेत असताना मास्तरांच्या खुर्चीवर टाकायला आपण जिची कुसे आणत होतो, तीच! वैद्यांना कंपवातावर ती फार पूर्वीपासून माहीत आहे. मी मोठ्या उत्साहाने शोध घेतला, आणि जे हाती आले त्याने थक्क झालो. १९३७ साली मद्रासेत दामोदरन आणि रामस्वामी यांनी याच बियांतून लेव्होडोपा वेगळा काढून दाखवला होता. तो पार्किन्सनवरचे औषध आहे, हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हते. डोपामीन हे मेंदूचे कामाचे द्रव्य आहे हे स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी दाखवले ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस. त्यांना २०००चे नोबेल मिळाले. १९६१ साली व्हिएन्नात बिर्कमायर आणि होर्निकिएविच यांनी लेव्होडोपाचे इंजेक्शन दिले, आणि अंथरुणावरून उठू न शकणारे रोगी काही तास उठून चालू लागले. १९६७ साली अमेरिकेत कोट्झियास यांनी तोंडावाटे हळूहळू मात्रा वाढवत देण्याची रीत बसवली. आणि १९७८ साली आपल्या मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कपिकच्छूचे चूर्ण रुग्णांना देऊन त्याचा गुण प्रसिद्ध केला. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर तुलना झाली. तीस ग्रॅम चूर्णाचा असर गोळीपेक्षा सुमारे निम्म्या वेळात सुरू झाला.

मी विजयी मुद्रेने डॉक्टरांपुढे हे सारे मांडले. हे औषध निसर्गाचे, शिवाय हुकमाचा एक्का हातात शिल्लक!

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही एक्का राखून ठेवलेला नाही. तोच वेगळ्या पाकिटातून खेळताय. कपिकच्छूचा गुण लेव्होडोपाचाच आहे. फरक एवढाच, की गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते मला माहीत आहे. तुमच्या पुडीत किती, ते कुणालाच माहीत नाही. एका पोत्यातलं कमी, दुसऱ्यातलं जास्त. बरोबर राखणदार नाही, म्हणून मात्रा मोठी लागणार. आणि पुढे मी गोळी दिली आणि तुम्ही पुडीही चालू ठेवलीत, तर दोन्ही मिळून किती झालं हे मी कसं ठरवू?"

दादा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "माल तोच. पण एक काट्यावर तोललेला आणि दुसरा मुठीनं. तोलाराशिवाय माल मी घेत नाही." पुडी परत गेली.

तरीही मी अडून बसलो. २०१८ची दिवाळी आली. दादा बाजारात जायचा थांबला होता. बटणे लागत नसत, म्हणून वहिनी त्याला गळ्यातून घालायचे बनियन देत. अंघोळीला पाऊण तास लागे. लक्ष्मीपूजनाला गाळ्यावर वही पुजायची असते. त्या वर्षी पहिल्यांदाच दादाऐवजी मी वहीवर श्रीकार काढला. घरी आलो तेव्हा दादा अंधारात बसला होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "ते चांगलं औषध तू कशासाठी ठेवलं आहेस?"

"पुढं जास्त त्रास होईल तेव्हासाठी."

"अरे, अढीतला आंबा पिकला की त्याच दिवशी काढायचा असतो. अजून चांगला होईल म्हणून ठेवलास तर नासतो. माझ्या हाताला काम होतं तेव्हा तू औषध अढीत ठेवलंस. आता काम गेलं. पुढं पडून राहायचं, तेव्हा चांगला हात घेऊन मी काय करू?"

मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही.

२०१९च्या संक्रांतीनंतर लेव्होडोपा सुरू झाले. आधी अर्धी अर्धी गोळी. दोन दिवस मळमळ झाली, मग गेली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी वहिनींनी मला हाक मारून आतल्या खोलीत नेले आणि बोट दाखवले. दादा आरशापुढे उभा होता आणि सदऱ्याची बटणे लावत होता. खालून वर, एकेक. शेवटचे बटण लागले तेव्हा त्याने आरशात आम्हा दोघांना पाहिले आणि दटावले, "काय नाटक बघताय?"

योगायोग असा की, त्याच जानेवारीत नेदरलँडमधल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. नुकताच रोग झालेले ४४५ रुग्ण. निम्म्यांना पहिल्यापासून ऐंशी आठवडे लेव्होडोपा. निम्म्यांना चाळीस आठवडे नुसती साखरेसारखी बिनऔषधी गोळी आणि नंतर लेव्होडोपा. ऐंशी आठवड्यांनंतर दोन्ही गट सारखेच! आधी घेतल्याने रोग मंदावला नाही. आणि आधी घेतल्याने बिघडलाही नाही. मी हे दादाला समजावून सांगितले. तो म्हणाला, "ते ठीक. पण त्या पहिल्या चाळीस आठवड्यांत बटणं कुणाची लागत होती?"

मग मी माझ्या 'पाच वर्षां'च्या समजुतीचे मूळ शोधू लागलो. ते घानात सापडले. आफ्रिकेतल्या या देशात अनेकांना औषध मिळते ते फार उशिरा. राखून ठेवले म्हणून नव्हे, परवडत नाही म्हणून. इटलीत ते लवकर मिळते. २०१४ साली या दोन देशांतल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. औषध उशिरा घेतलेल्यांना अंग हलण्याचा त्रास आजाराच्या त्याच टप्प्यावर सुरू झाला, ज्या टप्प्यावर लवकर घेतलेल्यांना झाला. म्हणजे तो त्रास येतो तो रोग किती जुना आणि मात्रा किती मोठी यावर. गोळी किती वर्षे पोटात गेली यावर नव्हे. पाच वर्षांत औषध संपत नाही. पाच वर्षांत रोग पुढे गेलेला असतो. त्याच २०१४ साली ब्रिटनमधली १६२० रुग्णांची चाचणीही प्रसिद्ध झाली. त्यात तिन्ही वाटांची सुरुवातीपासून तुलना होती, आणि चालण्याफिरण्याच्या बाबतीत लेव्होडोपावाल्यांना थोडा, पण वर्षानुवर्षे टिकलेला फायदा होता. दादाचे निदान झाले ते २०१६ साली. हे दोन्ही निकाल त्यापूर्वीच छापून आलेले होते. माझ्या वहीत मात्र ओळखीच्या माणसाचे एक वाक्य लाल शाईत होते.

यावरून कुणी असा अर्थ घेऊ नये की, सगळ्यांनी धावत जाऊन लेव्होडोपाच घ्यावे. चाळिशीत हा रोग झालेल्यांना अंग हलण्याचा त्रास लवकर आणि जास्त होतो. त्यांच्या बाबतीत डॉक्टर निराळा विचार करतात. पुष्कळांना प्रामिपेक्सोल वर्षानुवर्षे छान लागू पडते आणि लॉटरीच्या दुकानाकडे त्यांची मान वळतसुद्धा नाही. आणि मनाने मात्रा कमीजास्त करणे किंवा गोळी एकदम थांबवणे हा तर जिवाशी खेळ आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच की, तुलना करताना मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. 'सगळ्यांत चांगले औषध कोणते?' असे मी विचारत राहिलो. विचारायला हवे होते दादाला: 'तुला कुठल्या वेळी, काय करायचे आहे?' माझ्या वहीत पाच रकाने होते. हा सहावा नव्हता.

आता त्या गोष्टीला सहा वर्षे होऊन गेली. दादा बरा झाला असे लिहिता आले असते तर किती बरे झाले असते! हा रोग बरा होत नाही, आणि त्याला थोपवणारे सिद्ध झालेले औषध आजही नाही. गोळीचा असर पूर्वी दुपारपर्यंत पुरे; आता अडीच-तीन तासांत ओसरतो. म्हणून दिवसाला पाच वेळा घड्याळाचा गजर. असर लांबवायला एन्टाकॅपोन नावाचे औषध जोडले, तेव्हा लघवी नारिंगी झाली आणि वहिनी घाबरून गेल्या. ते त्या औषधाचे नेहमीचेच आहे. जेवणाचेही गणित आहे. डाळ, पनीर, अंडी यांतले प्रथिन लेव्होडोपाच्याच दारातून आत जाते. "एकाच फाटकावर दोन्ही ट्रक लागले, की आपला मागं राहतो," हे दादाचे स्पष्टीकरण. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास. असर अगदी भरात असताना कधी कधी त्याचा खांदा आणि मान नाचल्यासारखी हलते. पूर्वी मला त्याचीच धास्ती होती. दादाला मी विचारले, त्रास होतो का? "ताठून बसण्यापेक्षा नाचलेलं बरं," तो म्हणाला.

पहाटेची पहिली गोळी घेऊन तो मोसमात बाजारात जातो. पाच ते आठ, तीनच तास. गाळा आता पुतण्या बघतो. पण देवगडच्या पट्ट्या दादाच लिहितो, असर चढलेला असताना. अक्षर पूर्वीसारखे मोत्यासारखे नाही. पण भिंग लागत नाही. आंब्याचा वास मात्र परत आला नाही. तो कुठल्याच औषधाने आला नाही. पेटी उघडली की तो एक फळ उचलून माझ्या नाकापुढे धरतो आणि विचारतो, "कसा आहे?" मी सांगतो. त्याने माझ्यासाठी शाळा सोडली. मी त्याच्यासाठी आंबा हुंगतो. हिशेब जुळत नाही हे बँकेतल्या माणसाला कळते.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी फराळाला गेलो. वहिनींनी चहा आणला, तो निळ्या वेलीच्या कपांतून! मी चमकून पाहिले. कुणी मोठे पाहुणे आलेले दिसत नव्हते. दादाने कप दोन्ही हातांत धरला. दोन घोट घेतले, आणि तेवढ्यात त्याचा खांदा हलला. कप खाली पडून फुटला.

कुणीच काही बोलेना. मग वहिनी केरसुणी घेऊन आल्या, तुकडे गोळा केले, आणि आत जाऊन दुसरा कप भरून घेऊन आल्या. त्याच संचातला.

"अजून पाच आहेत," त्या म्हणाल्या.